शाळेला मुख्याध्यापक नसेल तर दाद कोठे मागावी : नागपूर जिल्ह्यातील पालकांसाठी

आमच्या गावच्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होऊन वर्ष उलटले, तरी त्यांच्या जागी कोणी आले नाही. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीतले आम्ही पाच पालक अर्ज घेऊन थेट नागपूरला, शिक्षण मंडळाच्या विभागीय कार्यालयात गेलो होतो. शिक्षणाचे सगळे काही ‘बोर्ड’ पाहते, असाच गावात सर्वांचा समज होता. तेथील लिपिकाने अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि शाळा सातवीपर्यंतची, जिल्हा परिषदेची असल्यामुळे नेमणुकीचा विषय त्यांच्याकडे येतच नाही, हे नीट समजावून सांगितले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. चूक आमची होती, आणि तिच्यापायी पाच जणांची त्या दिवसाची मजुरी बुडाली. ज्या पालकांना हाच प्रश्न पडला आहे त्यांचा असा दिवस वाया जाऊ नये, यासाठी पुढील माहिती लिहीत आहे.

प्रथम मंडळाविषयी. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १९६५ च्या अधिनियमानुसार १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. आज त्याची नऊ विभागीय मंडळे आहेत आणि नागपूर हे त्यांपैकी एक आहे. दहावी आणि बारावीच्या परीक्षा घेणे, निकाल लावणे, गुणपत्रिका व प्रमाणपत्रे देणे आणि परीक्षेच्या दृष्टीने शाळांवर लक्ष ठेवणे हे मंडळाचे काम होय. शाळेत मुख्याध्यापक कोण असावा हे मंडळ ठरवत नाही. तरीही ती खुर्ची रिकामी राहिली तर मंडळाशी संबंधित कामे अडतातच, कारण परीक्षेचे अर्ज शाळेच्या प्रमुखानेच प्रमाणित करावे लागतात आणि प्रवेशपत्रावरही त्याचीच सही व शिक्का लागतो.

नेमणुका, मान्यता आणि तपासणी यांची साखळी वेगळी आहे. तिच्या वरच्या टोकाला मंत्रालयातील शालेय शिक्षण विभाग आहे. त्याखाली पुण्यातील शिक्षण आयुक्त आणि प्राथमिक व माध्यमिक विभागांचे संचालक, आणि त्यानंतर विभागीय शिक्षण उपसंचालक येतात. नागपूरच्या उपसंचालकांच्या अखत्यारीत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे सहा जिल्हे आहेत. जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हा परिषदेत प्राथमिक आणि माध्यमिक असे दोन स्वतंत्र शिक्षणाधिकारी असतात. तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली शिक्षण विस्तार अधिकारी आणि सर्वांत जवळ, शाळेत प्रत्यक्ष येऊन वर्गात बसणारे केंद्रप्रमुख असतात. पालकांनी वर चढायचे ते याच क्रमाने. मधली पायरी सोडून वर दिलेला अर्ज ‘योग्य कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन पुन्हा खालीच येतो आणि त्यात दोन महिने निघून जातात.

आता आपली शाळा नेमकी कोणाची, हे पाहावे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण बहुतेकांची गाडी येथेच चुकीच्या रुळावर जाते. शाळेचा युडायस क्रमांक, म्हणजे देशभरातील शाळांच्या सरकारी नोंदणीतील तिचा ओळख क्रमांक, मागून घ्या. तो अकरा अंकी असतो आणि नागपूर जिल्ह्यातील प्रत्येक शाळेचा क्रमांक २७०९ ने सुरू होतो. त्यातील २७ हा महाराष्ट्राचा आणि ०९ हा नागपूर जिल्ह्याचा अंक आहे. याच क्रमांकाच्या नोंदीत शाळेचे व्यवस्थापन कोणाचे, हे लिहिलेले असते. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर वर सांगितलेली साखळी लागू होते. महानगरपालिकेची असेल तर पालिकेचे स्वतःचे शिक्षणाधिकारी असतात आणि नेमणुकीचा अधिकार पालिका प्रशासनाकडे असतो. रामटेकसारख्या तालुक्यातील आदिवासी आश्रमशाळांचा कारभार शिक्षण विभागाकडे नसून आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडे असतो, आणि हे ठाऊक नसल्यामुळे तेथील पालकांना फार हेलपाटे घालावे लागतात. खासगी संस्थेच्या शाळेचे नियम निराळे असल्याने त्यांविषयी पुढे लिहिले आहे.

यानंतरचा प्रश्न असा, की आपल्या शाळेला मुख्याध्यापकाचे पद मंजूर आहे काय? बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० पेक्षा अधिक मुले असतील तर शिक्षकांखेरीज एक मुख्याध्यापक असावा लागतो, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा अधिक मुले असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक लागतो. प्रत्यक्षात मंजूर पदे दरवर्षीच्या संचमान्यतेत दिसतात. ३० सप्टेंबरच्या पटावर आधारलेल्या या एका कागदात आपल्या शाळेला किती शिक्षक आणि मुख्याध्यापकाचे पद आहे की नाही, हे स्पष्ट असते. निकष शासन निर्णयांनी वेळोवेळी बदलतात, म्हणून नेहमी चालू वर्षाचीच प्रत मागावी. पद मंजूर असून रिक्त असेल तर आपली मागणी ‘पद भरा’ अशी असते. पद मंजूरच नसेल तर मागणी पटाविषयी असते, आणि मग आधी मुलांच्या आधार नोंदी अपूर्ण राहिल्यामुळे पट कमी दिसतो आहे का, हे तपासावे लागते. या दोन मागण्या एकाच अर्जात एकत्र केल्या की अर्ज हमखास मागे येतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकपद पदोन्नतीने भरले जाते. शिक्षकांची तात्पुरती ज्येष्ठता यादी प्रसिद्ध होते, तिच्यावर हरकती मागवल्या जातात आणि मग यादी अंतिम होते. बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे याची नोंद, तपासली जाते आणि समुपदेशनाने, म्हणजे शिक्षकांना समोर बोलावून रिक्त शाळांतून निवड करू देऊन, आदेश निघतात. काही शिक्षक दूरची शाळा मिळेल म्हणून पदोन्नती नाकारतात, आणि ते त्यांच्या अधिकारात आहे. पद भरेपर्यंत शाळेतील ज्येष्ठ शिक्षकाकडे प्रभार दिला जातो. येथे पालकांनी प्रभारी शिक्षकावर राग काढू नये, असे मी कळकळीने सांगेन. आमच्याकडे चौथीच्या वर्गाच्या बाईंकडे प्रभार होता. सकाळी तांदळाचे माप घेऊन पोषण आहाराची नोंद करायची, मग भ्रमणध्वनीवर ऑनलाइन माहिती भरायची, त्यातच कोणी दाखला मागायला आले की दाखल-खारीज रजिस्टर काढून बसायचे, आणि या सगळ्यात त्यांचा वर्ग फळ्यावरची गणिते उतरवीत एकटा बसलेला असायचा. त्या बाई शाळा सुटल्यावर तासभर थांबून त्याच मुलांना ती गणिते समजावून देत. रिकामे पद त्यांनाही आमच्याइतकेच नकोसे झाले होते.

खासगी शाळेत, मग ती अनुदानित असो वा विनाअनुदानित, महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी सेवेच्या शर्ती अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली लागू होते. तिच्यातील तिसरा नियम पालकांनीही वाचून ठेवावा. अट पूर्ण करणारा आणि सेवेचा अभिलेख समाधानकारक असलेला सर्वांत ज्येष्ठ शिक्षकच मुख्याध्यापक व्हावा, असे तो नियम सांगतो. माध्यमिक शाळेसाठी पदवी व बी. एड. यांबरोबर पदवीनंतरचा किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो आणि त्यातील किमान दोन वर्षे बी. एड. नंतरची असावी लागतात. ज्येष्ठ शिक्षकाने हक्क सोडला असेल तर तो लेखी आणि स्वेच्छेने सोडला आहे, याची शहानिशा व्हायला हवी. अल्पसंख्याक संस्थांना मात्र आपला मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक त्याच अधिनियमाने दिली आहे, त्यामुळे तेथे ज्येष्ठतेचा आग्रह धरून उपयोग होत नाही.

संस्थेने नेमणूक केली म्हणजे काम संपत नाही. शाळा समितीचा ठराव, ज्येष्ठता यादी, आधीच्या मुख्याध्यापकांच्या निवृत्तीचा आदेश, शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि संचमान्यता जोडून प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. माध्यमिक शाळेचा प्रस्ताव शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे आणि प्राथमिक शाळेचा शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे जातो, आणि त्यांच्याकडून वैयक्तिक मान्यता घ्यावी लागते. संस्थेत दोन गटांचा वाद असेल तर मान्यता रखडते आणि ‘सहीचे अधिकार’ कोणाला, हाच प्रश्न शाळेचा सगळा श्वास कोंडतो, कारण त्या सहीशिवाय पगारपत्रकही पुढे सरकत नाही. अशा वेळी पालकांनी कोणत्याही गटाची बाजू न घेता, सहीचे अधिकार तात्पुरते कोणाकडे तरी देऊन मुलांची कामे सुरू ठेवावीत, एवढीच मागणी शिक्षणाधिकाऱ्यांकडे करावी. डावलल्या गेलेल्या शिक्षकाला १९७७ च्या त्याच अधिनियमाच्या नवव्या कलमाखाली तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, आणि असे न्यायाधिकरण नागपुरातही आहे. पण तो मार्ग कर्मचाऱ्यांचा आहे, पालकांचा नव्हे.

मान्यतेच्या कागदाबद्दल आणखी एक गोष्ट सांगणे मला गरजेचे वाटते. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचे (शालार्थ ही शिक्षकांचे पगार काढण्याची ऑनलाइन प्रणाली, आणि आयडी हा तिच्यातील शिक्षकाचा क्रमांक) प्रकरण उघडकीस आले. खोट्या कागदपत्रांवर नेमणुका दाखवून वेतन काढल्याच्या आरोपाखाली गुन्हे दाखल झाले आणि शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांनाही अटक झाली. या प्रकरणाची सुरुवातच एका मुख्याध्यापकाच्या नेमणुकीवरून झाली होती. त्यामुळे नवे मुख्याध्यापक आल्यावर त्यांच्या मान्यता आदेशाचा जावक क्रमांक आणि दिनांक विचारणे यात उद्धटपणा काहीच नाही. प्रामाणिक माणूस तो आनंदाने दाखवतो.

आता अर्ज कसा करावा ते सांगतो. सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेपासून करावी. या समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि तिचा ठराव हा एकट्यादुकट्या पालकाच्या अर्जापेक्षा कितीतरी वजनदार असतो. ठरावात पद केव्हापासून रिक्त आहे, संचमान्यतेत ते मंजूर आहे काय, प्रभार कोणाकडे आहे आणि त्यामुळे कोणत्या वर्गाचे अध्यापन बुडते, एवढेच लिहावे. कोणाही व्यक्तीविरुद्ध शब्द लिहू नये. ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नये. आमचा पहिला अर्ज एका कार्यालयात ‘मिळालाच नाही’ असे ठरले, कारण आम्ही तो नुसता हातात देऊन, नमस्कार करून परतलो होतो. दुसऱ्या अर्जाच्या प्रतीवर जांभळा शिक्का होता, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत आधी तो शिक्का दाखवला, मग बोललो.

उत्तर आले नाही तर दोन वाटा आहेत आणि त्या एकाच वेळी धरता येतात. पहिली माहिती अधिकाराची. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या मर्यादेत, ‘आमच्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणीसह प्रत द्यावी’ अशी मागणी करावी. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. उत्तर न मिळाल्यास त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्यांकडे पहिले अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते. ‘का’ असा प्रश्न विचारू नये, कागद मागावा. फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस थांबली हे टिपणीत आपोआप दिसते.

दुसरी वाट शिक्षण हक्क अधिनियमाच्या बत्तिसाव्या कलमाची आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. मुलाच्या शिक्षणहक्काविषयी लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषद किंवा महानगरपालिकेकडे, दिल्यावर त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असे हे कलम सांगते. निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील होते. अर्जाच्या माथ्यावर ‘कलम ३२ अन्वये तक्रार’ असे ठळक लिहावे. ते न लिहिल्यास तो साधा अर्ज समजला जातो आणि मुदतीचे बंधन लागू करून घेणे कठीण जाते.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. त्या काळात आपले आमदार आणि नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघाचे विधान परिषद सदस्य यांना कागदपत्रांचा संच देता येतो, पण तो अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा, कारण सभागृहातील प्रश्नांची सूचना आगाऊ द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर गर्दीत दिलेला कागद बहुधा गठ्ठ्यातच राहतो.

नवे मुख्याध्यापक रुजू झाले की त्याच आठवड्यात समितीची सभा घ्यावी. मुख्याध्यापक हे समितीचे पदसिद्ध सचिव असतात, म्हणून त्यांचे नाव इतिवृत्तात नोंदवावे, समितीच्या बँक खात्यावरील सही बदलण्याचा ठराव करावा, आणि प्रभार यादीप्रमाणे दाखल-खारीज रजिस्टर, रोकडवही व पोषण आहाराच्या साठ्याची नोंदवही सर्वांसमक्ष मोजून त्यांच्या ताब्यात द्यावी. आमच्याकडे हे सारे आटोपायला दुपारचे तीन वाजले. त्यानंतर बाईंनी किल्ल्यांचा जुडगा नव्या सरांच्या हाती दिला आणि त्या खडू घेऊन चौथीच्या वर्गात गेल्या.