डिजिटल मिक्सरचा वायफाय पासवर्ड रिसेट करताय? आधी या चुका टाळा

आवाजाचा मिक्सर वायफायवरून टॅबने चालवायचाय, पण टॅब त्याला जोडला जात नाही, पासवर्ड कुणालाच आठवत नाही आणि साउंड चेक तोंडावर आलाय. अशा वेळी हात थेट मागच्या रिसेट बटणाकडे जातो. सगळ्यात महागात पडते ती हीच घाई.

बऱ्याच मॉडेलांत त्या एकाच बटणाची दोन कामं असतात. थोडा वेळ दाबलं तर फक्त नेटवर्कच्या सेटिंग पुसल्या जातात, जास्त वेळ दाबून धरलं तर अख्खा मिक्सर कोरा होतो. गेन, ईक्यू, कॉम्प्रेसर, मॉनिटर सेंड, राउटिंग, आवाजाच्या सगळ्या सेटिंग जातात. किती सेकंद धरायचं हे मॉडेलगणिक वेगळं असतं, त्यामुळे अंदाजाने दाबू नका, मॅन्युअल उघडा. पूर्ण रिसेटमध्ये ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे कंडेन्सर माइकला मिक्सरकडून मिळणारी वीजही सहसा बंद होते. मग कंडेन्सर माइक मुके होतात आणि बिचाऱ्या केबलवर संशय घेत लोक ती बदलत बसतात.

म्हणून आधी सीन, म्हणजे मिक्सरच्या सगळ्या सेटिंगचा संच सेव्ह करा, तोही मिक्सरच्या आत नाही तर पेनड्राइव्हवर किंवा लॅपटॉपवर. वायफायच गेलंय तर सेव्ह कसं करणार? नेटवर्क केबलने. केबलने मिक्सरमध्ये शिरता आलं की बहुतेक वेळा वायफायचा पासवर्ड ॲपच्या सेटिंगमधूनच बदलता येतो आणि रिसेटची गरजच उरत नाही. बेहरिंगरच्या एक्सआर१८ सारख्या मिक्सरवर इथरनेट (केबल), वायफाय क्लायंट (बाहेरच्या राउटरला जोडणं) आणि ॲक्सेस पॉइंट (मिक्सरचं स्वतःचं वायफाय) असा तीन जागांचा स्विच असतो. केबल लावून स्विच इथरनेटवर न्यायला विसरलात, तर केबल निकामी समजून बसाल. केबल लावूनही मिक्सर दिसत नसेल तर लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता पाहा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला कुणी पत्ता दिलेलाच नाही. मधे राउटर लावा किंवा मिक्सरच्या मालिकेतला आयपी हाताने टाका.

मिक्सर नेमका कुणाच्या वायफायवर आहे, हेही आधी बघा. तो बाहेरच्या राउटरला जोडलेला असेल तर विसरलेला पासवर्ड राउटरचा आहे. मिक्सर रिसेट करून तो परत मिळणार नाही, उलट मिक्सर राउटरलाही विसरेल. काही मिक्सरवर वायफायचा पासवर्ड वेगळा आणि ॲडमिनचा वेगळा असतो. त्या दोघांचीही गल्लत होते.

नवा पासवर्ड टाकताना लांबी सांभाळा. डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या पद्धतीला ८ ते ६३ अक्षरं चालतात. पण काही मिक्सरच्या अंगभूत वायफायला फक्त वेप ही जुनी पद्धत चालते आणि तिथे साध्या अक्षरांत बरोबर ५ किंवा १३ लागतात. सहा अक्षरं टाकली की सेटिंग बसत नाही. वेप सुरक्षितही नाही. शक्य असेल तर मिक्सर केबलने चांगल्या राउटरला जोडा आणि अंगभूत वायफाय बंदच ठेवा, माझं तरी हेच मत.

रिसेट करावंच लागलं, तर आधी ॲम्प किंवा स्पीकर बंद करा. रिसेटनंतर बऱ्याच मिक्सरचं वायफाय बिनपासवर्डचं उघडं असतं. प्रेक्षकांतल्या कुणीही ॲप टाकून मास्टर फेडर (एकूण आवाजाची पट्टी) ओढू शकतो, तेव्हा लगेच पासवर्ड टाका.

आणि सगळं बरोबर करूनही टॅब जोडला जात नसेल, तर बऱ्याचदा त्यात जुना पासवर्ड साठलेला असतो. वायफायच्या यादीतून ते नेटवर्क ‘विसरा’ करून नव्याने जोडा. मिक्सरच्या वायफायवर इंटरनेट नसतं, म्हणून फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो आणि ॲपला मिक्सर सापडत नाही. तेवढ्या वेळापुरता डेटा बंद ठेवा.