कबरीपासून गावापर्यंत : दफनाच्या नोंदींतून स्थलांतरित पूर्वजाचा माग कसा काढावा

एकोणिसाव्या शतकात किंवा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून अथवा चीनमधून अमेरिकेत गेलेल्या पूर्वजाचा शोध घेणारे बहुतेक लोक एकाच जागी अडतात. तो ‘जर्मनीहून’ किंवा ‘आयर्लंडहून’ आला एवढे घरात सर्वांना ठाऊक असते, पण गाव कोणालाच सांगता येत नाही. मायदेशातल्या जन्म-विवाहाच्या वह्या गावनिहाय किंवा पॅरिशनिहाय (एकेका चर्चच्या हद्दीनुसार) ठेवलेल्या असतात, त्यामुळे गावाचे नाव हाती नसेल तर त्या असून नसल्यासारख्या. अमेरिकी जनगणनेच्या जन्मस्थानाच्या रकान्यातही बहुधा देशाचेच नाव मिळते. पोलंड तर १७९५ ते १९१८ या काळात स्वतंत्र राष्ट्र म्हणून नकाशावर नव्हते. तिथून आलेल्या माणसापुढे रशिया, ऑस्ट्रिया किंवा प्रशिया लिहिलेले आढळते. हे हरवलेले गाव सापडण्याची एक चांगली जागा म्हणजे दफनभूमी. मात्र तिथला दगड पाहून परतणाऱ्याच्या हाती अर्धीच माहिती लागते. उरलेली अर्धी कार्यालयातल्या वह्यांत आणि शेजारच्या कबरींवर असते.

आधी मृत्युदाखला

सुरुवात मृत्यूपासून करावी आणि तिथून मागे जावे. मृत्युदाखल्यावर दफनाचे ठिकाण, दफनाची तारीख आणि अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याचे नाव असते. या तिन्ही गोष्टी टिपून घ्याव्यात. आई-वडिलांची नावे आणि जन्मस्थान यांकडे मात्र जरा सावधपणे पाहावे, कारण ही माहिती मृत व्यक्तीने दिलेली नसते. ती देणाऱ्याचे नाव दाखल्यावरच असते. ज्याने सासऱ्याच्या आई-वडिलांना कधी पाहिलेही नाही अशा जावयाने ती दिली असेल, तर तिला ऐकीव माहितीइतकेच वजन द्यावे.

दफनभूमी शोधताना

‘फाइंड अ ग्रेव्ह’ हे १९९५ मध्ये सुरू झालेले संकेतस्थळ आणि २०११ मधील ‘बिलियनग्रेव्ह्ज’ ही शोधाची सोयीची ठिकाणे आहेत. दोन्हींवरील बरीच माहिती स्वयंसेवकांनी भरलेली आहे, म्हणून छायाचित्राखालच्या मजकुरापेक्षा छायाचित्रातल्या दगडावर विश्वास ठेवावा. पुष्कळदा आई-वडिलांची नावे आणि जन्मगाव कोणीतरी नंतर जोडलेले असते आणि दगडावर त्याचा मागमूसही नसतो.

आडनाव एकाच पद्धतीने लिहून शोधू नये. उच्चारावरून होणारी सगळी रूपे पाहावीत आणि चेक किंवा पोलिश कुटुंबातल्या स्त्रियांच्या आडनावाचा शेवट निराळा असू शकतो हेही ध्यानात ठेवावे. एलिस बेटावरच्या (न्यू यॉर्क बंदरातल्या, स्थलांतरितांची तपासणी होत असे त्या ठाण्यातल्या) कारकुनांनी आमचे आडनाव बदलले, ही कथा जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. पण ते कारकून जहाजाच्या प्रवासी यादीवरून काम करत आणि ती यादी प्रवास सुरू होतानाच तयार होत असे. आडनाव बदलले असेल तर ते बहुधा पुढच्या काळात, त्या माणसाने स्वतःच बदललेले असते. म्हणूनच कबरीवर जुने आणि कागदावर नवे, किंवा याच्या उलट, असे दोन्ही प्रकार दिसतात.

कबर सापडली नाही म्हणून ती नव्हतीच असे मानू नये. सॅन फ्रान्सिस्कोने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरातल्या दफनभूमी हलवल्या आणि तिथले असंख्य अवशेष शेजारच्या कोल्मा या गावी नेले. अशा वेळी मूळ आणि नवे अशा दोन्ही ठिकाणच्या नोंदी पाहाव्या लागतात. न्यू यॉर्कमध्ये ज्यांच्या दफनाचा खर्च करणारे कोणी नव्हते, अशा दहा लाखांहून अधिक लोकांना १८६९ पासून हार्ट बेटावर पुरले गेले. तिथे वैयक्तिक दगड नाहीत, परंतु नोंदी ठेवलेल्या आहेत.

दगड वाचणे

दगड घासू नये. तारेचा ब्रश, ब्लीच, खडू, दाढीचा फेस यांपैकी कशानेही अक्षरे क्षणभर उठून दिसतील, पण दगडाचे कायमचे नुकसान होईल. संगमरवर तर पावसाने आधीच झिजलेला असतो. सूर्य कलल्यावर तिरपा प्रकाश पडतो तेव्हा जावे, किंवा एका बाजूने आरशाने प्रकाश टाकावा. उथळ अक्षरांच्या कडांवर सावली धरते आणि सपाट वाटणारा दगड बोलू लागतो. छायाचित्र चारही बाजूंचे घ्यावे, कारण पत्नीची किंवा मुलांची नावे अनेकदा मागे किंवा कडेला असतात.

मजकूर परक्या भाषेत असला तरी त्यातले नेमके चार-पाच शब्द ओळखता आले की पुरते. जर्मन दगडावरच्या ‘गेब.’ या संक्षेपानंतर तारीख असेल तर ती जन्माची, आणि आडनाव असेल तर ते स्त्रीचे माहेरचे, ‘गेस्ट.’ म्हणजे मृत्यू. पोलिश दगडावर हेच काम अनुक्रमे ‘उर.’ आणि ‘झ्म.’ करतात, आणि ‘झ दोमू’ या शब्दांपुढे माहेरचे आडनाव येते. आयरिश लोकांच्या इंग्रजी दगडांवर ‘नेटिव्ह ऑफ’ यानंतर काउंटीचे, आणि नशीब असेल तर पॅरिशचेही नाव कोरलेले असते.

जुन्या दगडांवर जन्मतारखेऐवजी वयच दिलेले असते. समजा, मृत्यू २० मार्च १८८९ रोजी झाला आणि वय ६३ वर्षे ४ महिने १२ दिवस कोरले आहे. आधी दिवस वजा करावेत, म्हणजे ८ मार्च. मग महिने, म्हणजे ८ नोव्हेंबर १८८८. शेवटी वर्षे, म्हणजे ८ नोव्हेंबर १८२५. वय मोजणाऱ्याची रीत वेगळी असू शकते, म्हणून वहीत शोधताना एक-दोन दिवस मागेपुढे पाहावे.

ज्यू कबरींवरील हिब्रू मजकूर वंशावळीच्या दृष्टीने फार मोलाचा, कारण त्यात वडिलांचे नाव असते: पुरुषापुढे ‘बेन’, स्त्रीपुढे ‘बात’ आणि मग पित्याचे नाव. एका कोऱ्या दाखल्याने जे दिले नाही ते इथे एका ओळीत मिळून जाते. हिब्रू वर्ष हजाराचा अंक सोडून लिहितात. त्या तीन अंकी संख्येत १२४० मिळवले की इसवी सन येते. ६७० म्हणजे १९१०, पण हिब्रू वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्याने त्या वर्षाचे सुरुवातीचे महिने १९०९ मध्ये पडतात.

चिनी कबरींकडे विशेष लक्ष द्यावे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेशबंदी झाली आणि ती १९४३ पर्यंत टिकली. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक नोंदी जळाल्यावर अनेकांनी आपण तिथेच जन्मल्याचा दावा केला, आणि पुढे त्यांचे मुलगे म्हणवून, दुसऱ्याचे आडनाव घेऊन, इतर तरुण आत आले. यांना ‘पेपर सन’ म्हणजे कागदोपत्री पुत्र म्हणत. असा माणूस हयातभर सरकारी कागदावर खोट्या आडनावाने राही. त्याच्या कबरीवर मात्र इंग्रजीत ते कागदी आडनाव आणि चिनी लिपीत खरे आडनाव, असे दोन्ही दिसू शकते. सोबत जिल्हा आणि गावही कोरलेले असते. इंग्रजी ओळ वाचून पुढे गेलेला संशोधक भलत्याच घराण्याच्या मागे लागतो. आणखी एक गोष्ट म्हणजे, काही वर्षांनी अस्थी उकरून मायदेशी पाठवण्याची प्रथा होती, त्यामुळे वहीत नाव असूनही ती जागा रिकामी असू शकते.

कार्यालयात काय मागावे

नुसते ‘अमुक यांची नोंद आहे का’ असे विचारले तर ‘आहे’ एवढेच उत्तर मिळते. दफनाच्या वहीतली पूर्ण ओळ, भूखंडाच्या (म्हणजे दफनभूमीत विकत घेतलेल्या जागेच्या) मालकाचे कार्ड, भूखंडाचा नकाशा आणि त्या भूखंडात पुरलेल्या सर्वांची यादी, असे चार कागद नाव घेऊन मागावेत. शेवटचा कागद सर्वांत उपयोगी, कारण त्यात दगड नसलेले लोकही येतात. निराळ्या आडनावाची एखादी वृद्ध स्त्री त्याच भूखंडात असेल तर ती पत्नीची आई किंवा लग्न झालेली बहीण असण्याचा संभव असतो, आणि तिच्या मृत्युदाखल्यावर गाव लिहिलेले असू शकते.

भूखंड कोणी व केव्हा घेतला हेही पाहावे. अनेक स्थलांतरित घरांत पहिले दफन तान्ह्या मुलाचे असते आणि त्याच दिवशी भूखंड विकत घेतलेला असतो. हे कुटुंब त्या तारखेआधी त्या शहरात पोहोचले होते एवढे त्यावरून निश्चित होते, शिवाय कार्डावर तेव्हाचा पत्ता मिळतो. मृत्यू आणि दफन यांच्या तारखांत दोन-तीन महिन्यांचे अंतर दिसले तर ती चूक समजू नये. थंड प्रदेशात जमीन गोठल्यावर शव वसंत ऋतूपर्यंत खास तळघरात ठेवत.

आजूबाजूला फिरून पाहावे

एका गावचे लोक परदेशात जवळ जवळ राहत आणि जवळ जवळच पुरले जात. न्यू यॉर्क परिसरातल्या ज्यू दफनभूमींत एकेका गावाहून आलेल्यांच्या मंडळाने जागेचा एकेक भाग विकत घेतला होता. पूर्वजाच्या दगडावर गाव नसले, तरी त्या भागाच्या फाटकाच्या खांबांवर मंडळाच्या नावासह ते कोरलेले आढळते. मात्र जावई सासऱ्याच्या गावच्या मंडळात सभासद असू शकतो, हे विसरू नये.

दगडावरची चिन्हेही कागदाकडे नेतात. तोडलेल्या झाडाच्या बुंध्याच्या आकाराचा दगड ‘वुडमेन ऑफ द वर्ल्ड’ या १८९० मध्ये स्थापन झालेल्या, सभासदांना विमा देणाऱ्या बंधुसंघाच्या सभासदाचा असू शकतो, तर साखळीच्या तीन कड्या ‘ऑड फेलोज’ या संघाची खूण असते. अशा संघांच्या सभासद अर्जांत जन्मस्थान विचारलेले असू शकते. फ्युनरल होमच्या, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या संस्थेच्या, जुन्या वह्या आणि ज्या चर्चने अंत्यविधी केला त्याच्या नोंदीही मागाव्यात. स्थलांतरितांच्या भाषेत चालणाऱ्या पॅरिशमधला पाद्री त्याच मुलखातला असे, त्यामुळे सरकारी कारकुनाला न जमलेले गावाचे स्पेलिंग त्याने नीट लिहिलेले असण्याची शक्यता अधिक.

गाव हाती आले की ते दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावे: सप्टेंबर १९०६ नंतरचे नागरिकत्वाचे अर्ज आणि १९०७ नंतरच्या जहाजांच्या याद्या यांत मूळ ठिकाण बऱ्यापैकी तपशिलात येते. मायदेशात कबर शोधण्यात मात्र वेळ घालवू नये. जर्मनीत कबरीची जागा साधारणपणे २० ते ३० वर्षांच्या कराराने मिळते आणि नंतर ती दुसऱ्याला देतात, म्हणून तिथे थेट चर्चच्या वहीकडे जावे. त्या वहीत योग्य नावाचा आणि योग्य तारखेचा बाप्तिस्मा सापडला, तरी लगेच वंशावळीत चढवू नये. त्याच पॅरिशच्या दफनवहीची पुढची दहा वर्षे चाळावीत, कारण मूल दगावले की तेच नाव पुढच्या मुलाला देण्याची रीत सर्रास होती, आणि सापडलेले मूल गावातच वारले असेल तर समुद्र ओलांडून गेलेला माणूस तो नव्हे.