प्रागला पीएचडीला येताय? आधी विचारा, तुम्ही नक्की कोणाचे

ऑगस्ट संपत आला की मेसेज सुरू होतात, दादा प्रागला सिलेक्शन झालंय, काय काय आणू. कुकर आणा, डाळी-मसाले इथे मिळतात. पण त्याआधी तुमच्या गाइडला एक मेल टाका आणि विचारा, मी कागदोपत्री कोणाकडे आहे?

झालंय असं की चेकमध्ये रिसर्चची दोन घरं आहेत. एक युनिव्हर्सिट्या, म्हणजे प्रागची चार्ल्स 1348 ची, ब्रनोची मासारिक 1919 ची. दुसरं घर अकॅडमी ऑफ सायन्सेसचं, तिच्या पन्नासहून जास्त इन्स्टिट्यूट, लेसरपासून समाजशास्त्रापर्यंत. त्यामुळे बऱ्याच जणांचं नाव युनिव्हर्सिटीत असतं आणि काम अकॅडमीच्या लॅबमध्ये, स्टायपेंड इकडून आणि अर्धवेळ नोकरीचा करार तिकडून. तो करार असला तर सरकारी हेल्थ इन्शुरन्समध्ये तुमचं नाव लागतं, नुसता स्टायपेंड असेल तर बाहेरच्या देशातल्या मुलांना प्रायव्हेट पॉलिसी घ्यावी लागते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, पहिल्याच हिवाळ्यात दाढ दुखली आणि दोन महिन्यांचं जेवणाचं बजेट त्यात गेलं. 2025 पासून फुलटाइम पीएचडीवाल्यांना किमान वेतनाच्या 1.2 पट उत्पन्नाची हमी आहे, तर ते पैसे कोण किती देणार ते लेखी मागा, मागायला लाजू नका.

पोस्टडॉकवाल्यांनी अजून एक विचारा, ग्रँट कधी संपते. इथल्या सरकारी ग्रँट एजन्सीचे, म्हणजे संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेचे, प्रोजेक्ट साधारण तीन वर्षांचे असतात आणि तुमचा करार बहुतेक वेळा त्याच्याबरोबरच संपतो.

बोलायचं कसं, तर इथेही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे, आणि तू म्हणायचं की नाही ते मोठ्या माणसाने आधी म्हणायचं असतं, तोवर ‘पाने प्रोफेसोरे’ (प्रोफेसरसाहेब) असंच. लिफ्टमध्ये शिरलात तरी ‘दोब्री देन’ (नमस्कार) म्हणा, अनोळखी असले तरी. लोक सकाळी लवकर येतात, साडेअकराला जेवायला उठतात, त्यांच्याबरोबर जा, चेक तिथेच कानावर पडतं.

केमिस्ट्रीवाल्यांनो, प्रागच्या देयवित्से भागात फ्लेमिंग चौकातल्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या इन्स्टिट्यूटला जाल तेव्हा जरा थांबा. अंतोनिन होली तिथेच काम करायचे, एचआयव्हीवरचं टेनोफोविर ज्यांच्या कामातून आलं ते. माझी मावशी गावाकडे सरकारी एआरटी सेंटरवर काउन्सेलर आहे, एचआयव्हीच्या पेशंटला ती रोज ज्या गोळ्या समजावून सांगते त्यात हेच औषध असतं, आणि मी इथे राहायला लागेपर्यंत आम्हा दोघांनाही त्याची मुळं या इमारतीत आहेत हे माहीत नव्हतं. त्याच्या रॉयल्टीतून तिथल्या संशोधनाला बराच पैसा मिळाला. जवळच एका रस्त्याला रवींद्रनाथांचं नाव आहे, ‘ताकुरोवा’ असा उच्चार ऐकलात तर ओळखा, ते आपले ठाकूर.

सोशल सायन्सवाल्यांना मात्र चेक शिकल्याशिवाय इलाज नाही. प्रागच्या सेर्गे-ईआय (CERGE-EI) या संस्थेत इकॉनॉमिक्सची पीएचडी पूर्ण इंग्रजीत होते, पण समाजशास्त्रात मुलाखती, सर्व्हे, जुन्या फायली सगळं चेकमध्ये. आणि वयस्कर सहकाऱ्यांचं ऐकून घ्या. 1968 मध्ये सोव्हिएत फौजा घुसल्या, त्यानंतर कम्युनिस्ट राजवटीने इथल्या कितीतरी अभ्यासकांना नोकरीवरून काढलं, काहींनी बॉयलरमध्ये कोळसा टाकायची कामं केली. त्यामुळे कोणी ‘विचारधारा’ शब्द ऐकून गप्प झालं तर वाईट वाटून घेऊ नका.

व्हिसा घेऊन उतरल्यावर तीन वर्किंग डेजमध्ये नोंदणी करायची, ते दिवस झोपेत घालवू नका.

17 नोव्हेंबरला सुट्टी असते. 1939 मध्ये त्या दिवशी नाझींनी चेक युनिव्हर्सिट्या बंद केल्या, नऊ जणांना गोळ्या घातल्या, आणि 1989 मध्ये त्याच तारखेला अल्बर्टॉव्हवरून, जिथे आता तुमच्यातले काही लॅब करतील, विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला. कम्युनिस्ट सरकारच्या पोलिसांनी त्यांना नारोद्नी रस्त्यावर अडवून मारलं, अकॅडमीचं मुख्य ऑफिस त्याच रस्त्यावर आहे. लोक दिवसभर तिथे मेणबत्त्या लावतात. मी संध्याकाळी असतो तिथे, या.