गाईड ठरवण्याआधी पेपरांची यादी वाचा

नागपुरात मी एमएस्सी झूलॉजीला शिकवते. पीएचडीचा विचार सुरू झाला, की पोरं एखाद्या पेशीशास्त्रज्ञाचा बायोडाटा घेऊन येतात, "मॅडम, ऐंशी पेपर आहेत!" राजेहो, आकडा बाजूला ठेवा.

पबमेड उघडा, जीवशास्त्र-वैद्यकातल्या पेपरांची ही ऑनलाइन यादी फुकट आहे. आडनाव आणि आद्याक्षरं टाका. पाटील-देशमुख असले तर भलतेच लोक निघतील. अशा वेळी 16 अंकी ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, कामी येतो.

आता नावांचा क्रम पाहा. या विषयात पहिलं नाव बहुधा प्रयोग करणाऱ्याचं, शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं. गाईड शेवटी आणि पहिली नावं वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची असतील तर उत्तम. सगळीकडे गाईडच पुढे असेल, तर मी तरी तिथं कोणाला पाठवत नाही.

मग प्रश्न एकच धरलाय की दरवर्षी नवा, ते तपासा. जपानी पेशीशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींचा 1993चा पेपर काढा. लेखक दोनच, नियतकालिक 'एफईबीएस लेटर्स', विषय ऑटोफॅजी (पेशीनं स्वतःचेच भाग पचवणं) न जमणारे यीस्टचे म्युटंट. त्याच प्रश्नाच्या मागे राहून 2016 साली नोबेल मिळालं. इम्पॅक्ट फॅक्टरवर (नियतकालिकातल्या पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला जातो, त्या आकड्यावर) भाळणाऱ्यांना मी हाच वाचायला देते.

पेपर मागे घेतला असेल तर पबमेडवर तसा शेरा दिसतो. कारण जरूर वाचा. प्रामाणिक चूक वेगळी, ब्लॉटचं (प्रथिनं वगैरे पट्ट्यांत दाखवणाऱ्या चाचणीचं) तेच चित्र दोनदा वापरणं वेगळं.

शेवटी, त्या गाईडच्या जुन्या विद्यार्थ्याला धरमपेठेत चहाला बोलवा, फोनवर माणूस जपून बोलतो. पहिला पेपर यायला किती वर्षं लागली, तेवढं विचारा.