घरच्या घरी एलईडी प्रकाशोपचार: त्वचेसाठी आणि केसांसाठी

उपकरण घेण्याआधी त्याच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधा: तरंगलांबी (प्रकाशाचा रंग ठरवणारं, नॅनोमीटरमध्ये दिलेलं माप) आणि तीव्रता (त्वचेवर किती जोराने प्रकाश पडतो ते). ते दिलेले नसतील तर ते उपकरण घेऊ नका, मग त्यात सात रंग असोत की दहा.

सुरकुत्या आणि निस्तेज त्वचेसाठी लाल प्रकाश (सुमारे ६३० ते ६६० नॅनोमीटर) आणि डोळ्यांना न दिसणारा, अधिक खोल जाणारा निअर-इन्फ्रारेड (सुमारे ८१० ते ८५० नॅनोमीटर) वापरतात. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातलं) एक एन्झाइम हा प्रकाश शोषून घेतं, पेशीला जास्त ऊर्जा मिळते आणि कोलॅजन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन) तयार होण्याला चालना मिळते, असं त्यामागचं स्पष्टीकरण आहे. मुरुमांसाठी ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश असतो. मात्र सावळ्या त्वचेवर निळ्या प्रकाशाने डाग गडद होऊ शकतात. वांग असेल तर तो टाळा आणि लाल प्रकाशही डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आता सुरुवात. चेहरा धुऊन कोरडा करा. मेकअप आणि सनस्क्रीन पूर्ण निघायला हवं, कारण दोन्ही प्रकाश अडवतात. रेटिनॉलसारखी क्रीम उपचारानंतर लावा. डोळ्यांवर संरक्षक गॉगल चढवा. निअर-इन्फ्रारेड दिसत नाही, त्यामुळे डोळे आपोआप मिटले जात नाहीत, हे विसरू नका.

वेळ किती द्यायचा, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. मात्रेचा हिशेब सोपा आहे: तीव्रता गुणिले सेकंद. त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॅट पोचत असतील, तर १० मिनिटांत १८ ज्यूल मिळतात. पॅनेल दूर सरकवलं की तीव्रता घटते, म्हणून माहितीपत्रकातलं अंतर पाळा. दुप्पट वेळ बसल्याने दुप्पट फायदा होत नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे परिणाम उलट कमी होतो. सांगितलेली मिनिटं झाली की बंद करा आणि आठवड्यातल्या ठरलेल्या वारी नेमाने बसा. हा नेमच खरा उपचार आहे.

केसांची गोष्ट थोडी वेगळी. १९६७ साली हंगेरीतले डॉक्टर एन्ड्रे मेस्टर यांनी केस काढलेल्या उंदरांच्या त्वचेवर लेझर टाकला, तेव्हा तिथे केस लवकर उगवलेले दिसले. पुढे अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २००७ मध्ये पुरुषांसाठी लेझर कंगव्याला परवानगी दिली. केसांवरचे बरेच अभ्यास लेझरवर झालेले आहेत, त्यामुळे निव्वळ एलईडीच्या हेल्मेटकडून अपेक्षा जरा बेताचीच ठेवा. आनुवंशिक केसगळतीत, केस बारीक झालेत पण मुळं जिवंत आहेत, अशा जागी उपयोगाची शक्यता असते. वर्षानुवर्षं तुळतुळीत असलेल्या टकलावर नाही. दाट केस असतील तर भांग पाडून पाडून प्रकाश थेट टाळूवर पोचू द्या, नाहीतर केसच तो शोषून घेतील. मिनॉक्सिडिल (केसगळतीवरचं औषध) चालू असेल तर ते थांबवू नका.

डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइनसारखी प्रकाशसंवेदनशीलता वाढवणारी औषधं चालू असतील, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) किंवा अपस्मार असेल, किंवा त्वचेवर न भरणारा संशयास्पद व्रण असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. केस अचानक पुंजक्यांनी गळत असतील तर रक्ततपासणी आधी. थायरॉइड किंवा लोहाची कमतरता कुठल्याही दिव्याने भरून निघत नाही.

पहिल्या दिवशी एक फोटो काढा. पुढे दर महिन्याला तोच कोन, तोच उजेड, तोच भांग. त्वचेचा फरक पाहायला दोन-तीन महिने द्या, केसांना किमान सहा. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो आणि सुप्तावस्थेत गेलेलं मूळ तीनेक महिने तसंच राहतं, त्यामुळे सहाव्या आठवड्यात निराश होऊन सोडू नका. सहा महिन्यांच्या फोटोत काहीच फरक नसेल, तर थांबा आणि तेच फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा. फरक दिसला, तर आनुवंशिक गळतीत उपचार चालू ठेवावा लागतो. बंद केला की मिळवलेलं हळूहळू जातं.