शाब्दिक उदाहरणे वाचायला कशी शिकवावीत

४८ वजा १२ ही वजाबाकी फळ्यावर उभी मांडून दिली, तर पाचवीतली बहुतेक मुले ती चटकन करतात. तीच वजाबाकी तीन ओळींच्या शाब्दिक उदाहरणात आली, की त्यांतली काही मुले शिक्षकांकडे पाहून विचारतात, "सर, यात बेरीज करायची की वजाबाकी?" असे विचारणाऱ्या मुलाला आकडेमोड येते, मजकूर वाचून त्यातला संबंध ओळखणे त्याला जमत नाही, आणि म्हणून त्याला गृहपाठाला आणखी वीस वजाबाक्या दिल्या तरी त्याची अडचण जागच्या जागी राहते. गणिताच्या तासातच वाचन आणि शब्द कसे शिकवता येतील, याची ही मांडणी चौथी ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहे. सोलापुरात एकाच वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरभाषा असलेली मुले शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे येथे हा विषय अधिकच निकडीचा ठरतो.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहावे

ऑस्ट्रेलियातील ॲन न्यूमन यांनी १९७७ मध्ये चुकलेली शाब्दिक उदाहरणे तपासण्याची एक पद्धत मांडली, आणि ती आजही कोणत्याही वर्गात खर्चाशिवाय वापरता येते. उदाहरण सोडवताना मूल पाच पायऱ्या चढते: मजकूर वाचणे, त्याचा अर्थ समजणे, त्या अर्थाचे गणिती मांडणीत रूपांतर करणे, आकडेमोड करणे आणि उत्तर योग्य रीतीने लिहिणे. बाकीची मुले वहीत लिहीत असताना एका मुलाला त्याच्या चुकलेल्या उदाहरणासह जवळ बोलवावे आणि क्रमाने विचारावे: हे मला वाचून दाखव, यात काय शोधायला सांगितले आहे, तू ते कसे शोधशील, आता करून दाखव आणि करताना बोलत जा, उत्तर कसे लिहिशील? मूल जिथे पहिल्यांदा अडखळते, तीच पायरी शिकवायची आहे. या वेळी शिक्षकांनी चूक दुरुस्त करू नये, मान हलवू नये, फक्त ऐकावे. हे ऐकायला सोपे वाटते, पण वर्गात सर्वांत जड जाते ते हेच.

तीन वाचने

गोष्ट वाचताना एखादा शब्द निसटला तरी पुढच्या वाक्यात अर्थ लागतो. गणिताच्या उदाहरणात एकही शब्द जास्तीचा नसतो, महत्त्वाची माहिती अनेकदा शेवटच्या ओळीत असते, आणि ती कळल्यावर पुन्हा पहिल्या ओळीकडे जावे लागते. असे मागेपुढे वाचणे मुलांना कोणी मुद्दाम शिकवलेले नसते. पुढील उदाहरण घेऊ:

"एका यंत्रमागावर पहिल्या पाळीत ४८ टॉवेल विणले गेले. हे दुसऱ्या पाळीत विणलेल्या टॉवेलांपेक्षा १२ ने जास्त आहेत. दोन्ही पाळ्यांत मिळून किती टॉवेल विणले गेले?"

पहिल्या वाचनात संख्या झाकून ठेवाव्यात. फळ्यावर ४८ आणि १२ च्या जागी रिकामे चौकोन काढले तरी पुरे. आकडे दिसत नसल्यामुळे आकडेमोडीकडे धाव घेण्याची सोयच उरत नाही, आणि मुलांना प्रसंगाविषयी बोलावे लागते: किती पाळ्या आहेत, कोणत्या पाळीत जास्त टॉवेल झाले, दोन चौकोनांपैकी कोणता टॉवेलांची संख्या सांगतो आणि कोणता केवळ फरक सांगतो. दुसरे वाचन फक्त शेवटच्या प्रश्नासाठी करावे. उत्तर 'टॉवेल' या एककात येणार, ते ४८ पेक्षा मोठे असणार, एवढे मुलांकडून याच वेळी वदवून घ्यावे. तिसऱ्या वाचनात संख्या उघड्या कराव्यात आणि वहीत दोन आडव्या पट्ट्या काढायला लावाव्यात, वरची पहिल्या पाळीची, खालची दुसऱ्या पाळीची. खालची पट्टी आखूड निघाली, तर मुलाला वाक्य समजले. ती लांब निघाली, तर 'जास्त' हा शब्द पाहून त्याने ४८ मध्ये १२ मिळवायचे ठरवलेले आहे, आणि एकही आकडा लिहिण्याआधी ते शिक्षकांच्या लक्षात येते. दुसऱ्या पाळीत ३६ आणि एकूण ८४ हे पुढचे काम अर्ध्या मिनिटाचे आहे.

एक सावधगिरी येथे बाळगावी. शिक्षक स्वतः उदाहरण मोठ्याने वाचतात तेव्हा नकळत हव्या त्या शब्दावर जोर देतात, आणि चलाख मुले मजकुराऐवजी शिक्षकांच्या आवाजावरून उदाहरण सोडवतात. निदान पहिली दोन वाचने मुलांनीच करावीत.

भिंतीवरचा तक्ता काढून ठेवावा

'एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी, प्रत्येकी म्हणजे भागाकार' असा तक्ता पुष्कळ वर्गांत लावलेला असतो. पाठ्यपुस्तकातल्या सोप्या उदाहरणांत तो चालतो, म्हणूनच तो घातक आहे. वरच्या उदाहरणात 'जास्त' असूनही वजाबाकी करावी लागली. 'प्रत्येकी ५ वह्या याप्रमाणे ३० मुलांना किती वह्या लागतील?' यात 'प्रत्येकी' आहे आणि गुणाकार आहे. अशा तक्त्यावर वाढलेले मूल वाचन टाळायला शिकते. त्याऐवजी एकाच शब्दाची दोन उलट उदाहरणे शेजारी शेजारी लिहून, दोन्हीकडे वेगळी क्रिया का आली हे मुलांना सांगायला लावावे.

प्रत्ययांवर थांबावे

मराठीत क्रियेचा खरा पत्ता बहुतेक वेळा प्रत्ययात असतो, आणि या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना तीच आहे. '१२ ला ३ ने भागा' आणि '३ ने १२ ला भागा' यांत शब्दांचा क्रम बदलला तरी उत्तर ४ च येते. '१२ ने ३ ला भागा' म्हटले की उत्तर एक चतुर्थांश होते. मूल मात्र संख्या ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने मांडते, कारण 'ला' आणि 'ने' या एवढ्याशा अक्षरांकडे त्याची नजर जातच नाही. चादर '१२० रुपयांनी' स्वस्त झाली आणि चादर '१२० रुपयांना' मिळाली, या दोन वाक्यांत एका अक्षराचा फरक आहे. सातवी-आठवीत बीजगणित सुरू झाले की 'एका संख्येच्या तिपटीतून २० वजा केले' आणि '२० मधून एका संख्येची तिप्पट वजा केली' ही दोन्ही वाक्ये बरीच मुले सारखीच मांडतात.

यासाठी पुठ्ठ्याचे तुकडे पुरतात. काहींवर संख्या, काहींवर 'ला', 'ने', 'मधून', 'पेक्षा', 'पर्यंत', 'वरून', आणि काहींवर क्रियापदे लिहावीत. मुलांनी वाक्य जुळवावे, उत्तर काढावे, मग फक्त प्रत्ययांची अदलाबदल करून उत्तर बदलते का ते पाहावे. रोज पाच मिनिटे पुरे. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडते. 'मागे' हा शब्द तर येथील मुलांना घरूनच माहीत असतो. विडी वळणाऱ्या आईची मजुरी हजार विड्यांमागे ठरते, हे ज्या मुलाने ऐकलेले आहे त्याला 'दर', 'शेकडा' आणि पुढे 'दरसाल दर शेकडा' समजावताना नव्याने सुरुवात करावी लागत नाही. फक्त हजाराच्या जागी शंभर ठेवावे लागतात.

शब्द थोडे घ्यावेत, पण पुरते शिकवावेत

एका प्रकरणाला पाच-सहा शब्दांपेक्षा अधिक घेऊ नयेत. निवडताना पूर्णपणे अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे वाटणारे शब्द आधी घ्यावेत, कारण फसगत तेथेच होते. लसावि हे मुलांना एखाद्या नावासारखे पाठ असते. त्याची फोड केली तर 'लघुतम' आणि 'विभाज्य' सांगता येतात, पण 'साधारण' चा अर्थ मूल 'अंदाजे' असाच घेते, कारण घरीदारी 'साधारण दहा-बारा माणसे होती' असेच ऐकू येते. येथे त्याचा अर्थ 'दोन्हींत समाईक' असा आहे, हे एकदा सांगून भागत नाही. ४ आणि ६ च्या पाढ्यांतल्या १२, २४, ३६ या संख्यांना गोल करून दाखवावे लागते. 'अंश' तर तिहेरी आहे: एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ अंशांवर गेल्याचे मूल वाचते, भूमितीत कोन अंशांत मोजते आणि अपूर्णांकात वरच्या संख्येला अंश म्हणते. असे शब्द आले की तिन्ही अर्थांची वाक्ये मुलांकडूनच लिहून घ्यावीत.

संकल्पना पक्की करण्यासाठी पानाचे चार भाग पाडण्याची एक रीत आहे. ती १९६९ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डोरोथी फ्रेयर आणि सहकाऱ्यांनी मांडली. एका भागात व्याख्या, दुसऱ्यात वैशिष्ट्ये, तिसऱ्यात उदाहरणे आणि चौथ्यात त्या संकल्पनेत न बसणारी उदाहरणे लिहायची. सर्वांत कस लागतो तो चौथ्या भागात. 'मूळ संख्या' घेतली तर ९ सगळेच लिहितात. ५१ लिहिणाऱ्या मुलाने तिला ३ ने भागून पाहिलेले असते, आणि १ लिहायचा की नाही यावर वाद झाला, तरच 'नेमके दोन विभाजक' हे शब्द व्याख्येत का आहेत ते कळते. व्याख्या आधी पाठ करून घेऊ नये. टॉवेलाच्या चारही कडांना शिलाई घालायला किती दोरा लागेल हे सुतळीने मोजून झाल्यावर 'परिमिती' हा शब्द द्यावा. सेमी इंग्रजीच्या वर्गात परिमिती-पेरिमीटर, छेद-डिनॉमिनेटर अशा जोड्या त्याच वेळी सांगाव्यात, दुसऱ्या तासावर ढकलू नयेत.

घरची भाषा

मराठीत अडुसष्ट म्हणताना आठ आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. सोलापूरचे ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांची अडुसष्ट लिंगे तोंडपाठ असलेले मूलही श्रुतलेखनात ८६ लिहून जाते. तेलुगू आणि कन्नडमध्ये दशक आधी आणि एकक नंतर बोलतात, त्यामुळे शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातले किंवा अक्कलकोटकडच्या कन्नड घरातले मूल मराठी शाळेत येते तेव्हा त्याला हा क्रम उलटवावा लागतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन दिले तेव्हा बराच वाद झाला होता. अशा मुलांसाठी ते वाचन पायरी म्हणून जरूर वापरावे, पण तेथेच थांबू नये. बाजारात त्यांना सव्वाशे, पावणेदोनशे आणि अडीच हजारच ऐकायचे आहेत, आणि तेही शिकवावेच लागतात.

उदाहरण समजून घेताना दोन तेलुगू भाषक मुलांना एकत्र बसवून आपापसांत तेलुगूत बोलू द्यावे, आणि मग मराठीत सांगायला लावावे. शिक्षकांना ती भाषा येत नसली तरी बिघडत नाही, कारण मुलांनी काढलेल्या पट्ट्या पाहून समजले की नाही ते दिसतेच.

उत्तर पुन्हा प्रश्नात ठेवून वाचावे

न्यूमन यांची शेवटची पायरी वर्गात सर्वांत घाईने उरकली जाते. १३० मुलांची सहल नळदुर्गला न्यायची आहे आणि एका एसटीत ४४ मुले बसतात, तर किती गाड्या लागतील? भागाकार २ आणि बाकी ४२, असे लिहून पुष्कळ मुले पेन खाली ठेवतात. त्यांना उत्तराचे पूर्ण वाक्य करायला सांगावे: "२ गाड्या लागतील आणि ४२ मुले शाळेतच राहतील." ते मोठ्याने वाचल्यावर वर्ग हसतो, आणि तिसरी गाडी मुले स्वतःच मागवतात.