हिवाळी शिबिरात इन्स्ट्रक्टर म्हणून जाताना

डिसेंबर-जानेवारीत भंडारदरा, मुळशी, राजमाची या भागांत शाळांची साहस शिबिरं भरतात. चाळीस-पंचेचाळीस मुलं, दोन मुक्काम, रॅपलिंग म्हणजे दोराने कडा उतरणं आणि एक छोटा ट्रेक, असा साधारण बेत असतो. या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो. त्यातला नाश्ता, जेवण, चाल वजा करा, दोरावर घालवायला जेमतेम पाच तास उरतात. शिबिरात बिघडणाऱ्या बहुतेक गोष्टींची सुरुवात हे गणित न मांडल्याने होते.

आधी पात्रतेचं बोलू. उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेतून बेसिक कोर्स करावा. तो साधारण चार आठवड्यांचा असतो. त्यात ‘ए’ ग्रेड मिळाली तर अ‍ॅडव्हान्स, आणि त्यानंतर शिकवण्याचा कोर्स. तिथे बर्फ आणि कातळ दोन्ही शिकवतात, पण कड्यावर रडणाऱ्या सातवीतल्या मुलाचं काय करायचं हे अनुभवी दादा-ताईंच्या हाताखालीच कळतं. प्रथमोपचाराचा कोर्स प्रात्यक्षिकांसह केलेला हवा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. त्यामुळे काम घेताना आयोजकाकडे नोंदणी, विमा आणि साधनांची नोंदवही मागा. मागायला संकोच वाटत असेल तर ते काम सोडलेलं बरं.

रॅपलिंग

वीस मीटरच्या कड्यावर हार्नेसची (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांची) तपासणी, कडेवरची घालमेल, उतरणं आणि खाली दोर सोडवणं धरून एका मुलाला सरासरी पाच मिनिटं लागतात. पंचेचाळीस मुलं म्हणजे एका दोरावर पावणेचार तास, तेही काही अडलं नाही तर. म्हणून दोन दोर लावायचे. दोन दोर म्हणजे दोन स्वतंत्र अँकर (दोर जिथे कातळाला बांधतो ती पक्की जागा), दोन बिलेयर (मुलाला बांधलेला वेगळा सुरक्षा दोर, म्हणजे बिले दोर, सांभाळणारे) आणि खाली निदान एक माणूस. एवढी माणसं नसतील तर मुलं दोन गटांत, दोन दिवसांत विभागा.

अँकर कमीत कमी दोन बोल्टचा, आणि त्यांना जोडणाऱ्या दोन स्लिंगमधला (पट्ट्यांमधला) कोन 60 अंशांच्या आत ठेवा. कोन 120 अंशांवर गेला की दोन्ही बोल्टवर प्रत्येकी पूर्ण वजन येतं, मग दोन लावल्याचा उपयोग काय? बोल्टच्या आसपास हातोडी मारून पाहा. पोकळ आवाज आला तर ती जागा सोडा. सह्याद्रीत एकसंध काळा कातळ आणि त्याच्या खालचा तांबडा, भुसभुशीत थर यांत फार फरक आहे. फटीत उगवलेल्या पिंपळ-उंबराला दोर बांधू नका. झाड हिरवंगार दिसतं, पण मुळं वरवरच असतात. दोर जिथे कडेवर घासतो तिथे गोणपाटाची चौपदरी घडी घाला आणि ती बांधून टाका, नाहीतर तिसऱ्या मुलाबरोबर ती खाली जाते.

मूल ज्यावरून उतरतं तो मुख्य दोर अँकरला कायमची गाठ मारून पक्का करू नका. मंटर-म्यूल ही सोडता येणारी गाठ बांधा, म्हणजे भार असतानाही तो सोडता येतो. कारण मुलीची वेणी किंवा जॅकेटची नाडी फिगर-एटमध्ये (दोर ज्यातून सरकतो त्या आठच्या आकाराच्या कडीत) अडकते, हे हमखास घडतं. अशा वेळी बिले दोर लॉक करून मुलीचं वजन त्यावर घ्यायचं, मुख्य दोर फूटभर सैल सोडायचा आणि केस हळूच मोकळे करायचे. चाकू काढायचा नाही. ताणलेल्या दोराला पातं नुसतं लागलं तरी तो तुटतो. अर्थात केस हेल्मेटखाली आणि नाड्या आत खोचून घेतल्या तर ही वेळच येत नाही.

हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे. बारीक मुलांचा तो खाली सरकतो, त्यांना छातीचा हार्नेसही चढवा. पट्टा बकलमधून परत मागे ओवून घेतलाय का, कॅराबिनरचं (जोडणाऱ्या कडीचं) लॉक फिरवलंय का, हे डोळ्यांनी नाही, हाताने तपासा.

कडेवर मूल थिजतं. “घाबरू नको” म्हटल्याने काही होत नाही, त्याला करायला काम द्या: “पाय खांद्याइतके फाकव, बूड मागे टाक, खुर्चीत बसतोस तसा बस, आता एक पाऊल.” भीतीने मुलं कातळाकडे झुकतात, तळवे सुटतात आणि गुडघे खरचटतात. सूचना एकाच माणसाने द्यायच्या. खालून मित्रांचा आरडाओरडा चालू असेल तर आधी तो थांबवा. दोनदा प्रयत्न करूनही जमलं नाही तर मुलाला सन्मानाने बाजूला घ्या. ढकलायचं कधीच नाही.

आग्यामोहोळ

कड्याची पाहणी आदल्या दिवशी दुर्बिणीने करा, विशेषतः पुढे आलेल्या कातळाखालच्या भागाची. पोळं दिसलं तर तो कडा बाद. डिओ, अत्तर, धूर, फटाके सगळं बंद. माश्या उठल्याच तर दोरावरच्या मुलाला झटपट खाली घ्या, बाकीच्यांनी तोंड-डोकं झाकून लांब पळायचं, बस जवळ असेल तर तिच्यात शिरून काचा लावायच्या. माश्या मारू नयेत, चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या आणखी चवताळतात. काटा नखाने लगेच खरवडून काढा. ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, उलटी झाली किंवा दम लागला तर वाट न पाहता 108 ला फोन करा आणि दवाखान्याकडे निघा.

रात्र

थंड हवा खाली उतरते, म्हणून जलाशयाच्या अगदी काठावरचा तंबू सर्वांत गार पडतो. थोडं वर, वाऱ्याच्या आडोशाला लावा. दार-खिडक्या घट्ट बंद केल्या की श्वासाची वाफ कापडावर जमते आणि पहाटे स्लीपिंग बॅगा ओल्या होतात. वरची जाळी वीतभर उघडी ठेवा. ऊब मिळावी म्हणून तंबूत शेगडी ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

घामाचे कपडे दिवस मावळायच्या आत बदलून घ्या, आणि एक कोरडा मोज्यांचा जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा. दिवसभर बडबडणारं मूल गप्प झालं, अडखळायला लागलं, त्याला चेन लावता येईना, तर थंडी आत शिरली आहे. कोरडे कपडे, टोपी, आणि शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्या. हातपाय चोळू नका. दम्याच्या मुलाचा इनहेलर त्याच्याच खिशात हवा, बसमधल्या सॅकमध्ये नाही. शेकोटीच्या धुरापासून त्याला लांब बसवा. मुळात शेकोटीला परवानगी आहे का हे जागेवर विचारा. जानेवारीतलं वाळलेलं गवत एका ठिणगीने पेटतं.

त्याच गवतावर उतरणीला पाय घसरतो. त्यामुळे ट्रेकमध्ये पुढे एक, मागे एक इन्स्ट्रक्टर, आणि मागच्याच्या मागे कुणीही नको. मुलांना पहिल्या दिवशी क्रमांक द्या. निघताना, थांबताना, वळणानंतर आणि झोपण्याआधी प्रत्येकाने आपला क्रमांक मोठ्याने सांगायचा. मुलींच्या तंबूंजवळ ताईच झोपतील, हे आयोजकाकडून आधीच लिहून घ्या.

परत आल्यावर दवाने ओले झालेले दोर सावलीत पसरा, उन्हात नको. पूर्ण वाळले की बोटांतून फिरवून कुठे मऊ, चपटा किंवा कडक भाग लागतो का पाहा. लागला तर तो दोर बाद करा, आणि नोंदवहीत तारीख, एकूण किती जण उतरले ते लिहून ठेवा.